दुसऱ्यासाठी मागणे



आपल्या संप्रदायात मागण्याला फारसा मान नाही. देवापाशीसुद्धा संसारातले काही मागू नये, मागायचेच तर नाम मागावे, संतांची संगत मागावी, असे आपण कीर्तनातून ऐकत आलो. मग माणसापुढे हात पसरण्याची गोष्टच नको. वारकरी शेतात राबतो, आपली भाकरी आपल्या फडक्यात बांधतो आणि वारीला निघतो. हा आपला अभिमान आहे, आणि तो चांगलाच आहे.

गेल्या पौषात माझे एक मित्र वारले. आयुष्याची शेवटची बारा वर्षे त्यांनी माणसांपुढे हात पसरण्यात घालवली. त्या बारा वर्षांत त्यांची एकादशी चुकली नाही, की आषाढी चुकली नाही. असा निष्ठावंत वारकरी दारोदार मागत कसा फिरतो, हा प्रश्न मला त्यांच्या हयातीतच पडला होता. तेव्हा मी त्याचे उत्तर चुकीचे दिले, आणि तेही चारचौघांत. ते दुरुस्त करायला ते आता समोर नाहीत. म्हणून इथे लिहीत आहे.

त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. राहणारे मूर्तिजापूरकडचे. एस.टी.त कंडक्टर होते. अकोला, दर्यापूर, अमरावती याच रस्त्यांवर त्यांची सारी नोकरी झाली. आम्ही त्यांना कंडक्टर महाराज म्हणायचो. दुसऱ्याचा पैसा हाती घ्यायचा, त्याचे तिकीट द्यायचे आणि रात्री डेपोत पै-पैचा हिशोब भरून मोकळे व्हायचे, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती.

निवृत्तीनंतर ते एकदा नात्यातल्या एका रुग्णाला घेऊन मुंबईला टाटा हॉस्पिटलात गेले. अमरावतीहून संध्याकाळी गाडी सुटते, मूर्तिजापूर, अकोला करत रात्रभर चालते आणि सकाळी दादरला पोचते. आपल्या वऱ्हाडातली कितीतरी कुटुंबे या गाडीने तोंडाच्या, गळ्याच्या, छातीच्या आजाराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जातात. कंडक्टर महाराजांनी परळला जे पाहिले त्याने त्यांची झोप उडाली. दवाखाना म्हणजे डॉक्टर आणि औषध एवढेच त्यांनी धरले होते. पण देशभरातून आलेली माणसे रस्त्याच्या कडेला चादर अंथरून राहत होती. सलाइनची सुई टोचून काळानिळा झालेला हात उशाशी घेऊन एखादा म्हातारा फुटपाथवर निजलेला, आणि शेजारी त्याची बायको स्टोव्हवर खिचडी शिजवत असलेली.

असे का होते, हे आपण समजून घेतले पाहिजे. तोंडाच्या कर्करोगाला पुष्कळदा किरणांचे उपचार लागतात. शेक, असे आपल्याकडे म्हणतात. एका दिवसाचा शेक काही मिनिटांचाच असतो. पण तो आठवड्यातून पाच दिवस, असा सहा-सात आठवडे घ्यावा लागतो. मधे सोडून गावाला येता येत नाही. म्हणजे रोजच्या काही मिनिटांसाठी दीड महिना मुंबईत काढायचा. उपचाराच्या खर्चाला आता महात्मा फुले योजनेचा आधार मिळतो. कर्करोगाच्या रुग्णाला दवाखान्याच्या दाखल्यावर रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. पण दीड महिन्याची जागा, दोन वेळचे जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, घरी मागे राहिलेली लेकरे आणि ढोरे यांचा खर्च कोणत्या योजनेत बसवायचा? खूप माणसे उपचार नाही म्हणून परत येत नाहीत. राहवत नाही म्हणून अर्ध्यातून परत येतात.

परत आल्यावर कंडक्टर महाराजांनी पहिल्याच एकादशीला, हरिपाठ संपल्यावर, देवळाच्या दाराशी आपले उपरणे अंथरले. म्हणाले, अमुक गावचा एक रोजमजूर आहे, त्याच्या तोंडात गाठ आहे, सोमवारी मुंबईला निघायचे आहे. ज्याला जमेल त्याने टाका. त्या दिवसापासून हे सुरू झाले. पुढे ते बाजाराच्या दिवशी धान्याच्या अडत्यांकडे जाऊ लागले, लग्नाच्या मांडवात जाऊ लागले, एस.टी. स्टँडवर आपल्या जुन्या सोबत्यांना गाठू लागले. काही लोक देत, काही टाळत. कोणी म्हणे, पेन्शन पुरत नाही वाटते महाराजांना.

आता माझी चूक सांगतो. गावोगावी थोडेफार प्रवचन करण्याचा मला नाद आहे. एका कार्तिकात, काकडा संपल्यावर, ते असेच उपरणे घेऊन उभे राहिले. त्यांच्या शेजारी त्या रुग्णाचा म्हातारा बाप उभा होता. मी ज्ञान सांगण्याच्या भरात बोलून गेलो, "महाराज, हा तर प्रारब्धाचा भोग. तो भोगूनच संपतो. आपण किती जणांना पुरणार? त्यापेक्षा त्याला नाम घ्यायला सांगा." लोकांनी माना डोलावल्या. शास्त्राला धरूनच बोललो, असे मलाही वाटले.

कंडक्टर महाराजांनी वाद घातला नाही. ते एवढेच म्हणाले, "प्रारब्ध तं हायेच, महाराज. पण या बुढ्याले रातच्याले निजाले जागा पायजे का नाई?"

त्या म्हाताऱ्याकडे मी तेव्हा पाहिले नाही. आज वाटते, तिथेच माझे ज्ञान खोटे ठरले होते.

शब्द खोटा नव्हता. प्रारब्ध आपण मानतो. पण हा शब्द कोणी कोणाला सांगायचा, याचा एक विवेक आहे. माझ्या अंगाला दुखणे आले तर मी म्हणावे, हा माझा भोग आहे, पांडुरंगा, तो सोसायला बळ दे. त्याने मन स्थिर होते, कोणाला बोल लावावासा वाटत नाही, नामाला जागा मिळते. पण तोच शब्द मी शेजाऱ्याच्या दुखण्याला लावला की तो माझ्या घराच्या दाराची कडी होतो. आत मी निवांत, बाहेर तो. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणे हे धैर्य झाले. दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध म्हणणे हे बहुतेक वेळा पाकीट खिशातून न काढण्याचे निमित्त असते. माझेही तसेच होते. त्या दिवशी मी काही दिले नाही.

नाथमहाराजांची गोष्ट आपण सगळे सांगतो. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यायची, केवढे ते पुण्य. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती गंगा त्याच्या मुखात घातली. मी ही गोष्ट शंभर वेळा सांगितली असेन. पण हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते की नाथांनी त्या गाढवाच्या प्रारब्धाची चौकशी केली नाही. मागच्या जन्मी याने काय केले, आज पाणी पाजल्याने उद्याची तहान भागेल काय, अशी गाढवे जगात किती, यातले काही नाथांनी विचारले नाही. ज्याला कर्मसिद्धांत आपल्यापेक्षा अधिक कळत होता, त्याने तिथे तो काढला नाही. तहान दिसली आणि हातात पाणी होते, एवढे त्यांना पुरले.

आता मागण्याचा प्रश्न. नाथांच्या कावडीत पाणी होते. ज्याची कावडच रिकामी, त्याने काय करावे? इथे आपल्या वऱ्हाडाने जगाला एक उत्तर दिले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी डेबूजी जन्मला. बाप दारूने गेला, म्हणून आई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला भावाकडे आली. तिथे डेबूजीने गुरे राखली, शेत केले. १९०५ साली घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, डोक्यावर फुटके गाडगे. हे आपले गाडगेबाबा.

बाबांजवळ काही नव्हते, म्हणून त्यांनी मागितले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनाला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. चिखलातून नदीत उतरताना माणसांचे हाल होत. बाबांनी तिथे लोकांकडून मागून आणि स्वतः राबून घाट बांधवला. त्या गावाचे नावच ऋणमोचन. पुढे पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरीला लाखो जण दर्शनाच्या रांगेत असत, तेव्हा बाबा वाळवंट झाडत असत. तिथे जी धर्मशाळा बांधली तिला नाव दिले चोखोबांचे, आणि ती वास्तू पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे.जे. रुग्णालयाशी रुग्णांच्या नातेवाइकांची हीच दैना होती. तिथेही त्यांनी मागून धर्मशाळा उभी केली. आणि त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज टाटा हॉस्पिटलात येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना नि त्यांच्या सोबत्यांना अगदी थोड्या पैशांत आसरा देते. २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच बाबांनी देह ठेवला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी आमच्या गावचा तो मजूर आणि त्याचा म्हातारा बाप त्या दादरच्या धर्मशाळेत दीड महिना राहिले. कंडक्टर महाराजांनीच त्यांना तिथवर पोचवले होते.

टाटा हॉस्पिटलाचीही एक कथा आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. या रोगासाठी आपल्या देशात चांगली सोय व्हावी, अशी इच्छा दोराबजींच्या मनात त्या दुःखातून उपजली. तेही पुढच्याच वर्षी गेले. पण त्यांच्या विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला ते रुग्णालय सुरू केले. मला हे दोन प्रवाह एकाच रुग्णापाशी येऊन मिळालेले दिसतात. त्याचा उपचार एका धनवंताच्या शोकातून उभा राहिला, आणि डोक्यावरचे छप्पर चिंध्या पांघरणाऱ्या माणसाच्या मागण्यातून. ज्याच्याजवळ आहे त्याने द्यावे. ज्याच्याजवळ नाही त्याने मागून द्यावे. दोघांनाही सुटका नाही.

मग भिकारी आणि गाडगेबाबा यांत फरक कोणता? मागणारा स्वतःकडे काय ठेवतो, यावर सारे आहे. बाबांनी लाखोंच्या वास्तू बांधल्या आणि स्वतः खापरात भाकरी खाल्ली. कुंताबाई झोपडीत राहिल्या. गोविंदा हा एकुलता मुलगा गेल्याची वार्ता कीर्तन चालू असताना आली, तरी कीर्तन थांबले नाही. पैसा ठेवला नाहीच. पण मोठेपणही ठेवले नाही. कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही. पैसा न ठेवणारे पुष्कळ असतात. मोठेपण न ठेवणे फार कठीण.

कंडक्टर महाराज बाबांच्या पायाच्या धुळीएवढेही नाहीत, असे तेच म्हणायचे. पण त्यांची एक वही होती. दर वद्य एकादशीला हरिपाठानंतर ते ती उघडून वाचत. कोणाकडून किती आले, कोणासाठी किती गेले, शिल्लक किती. देणाऱ्याचे नाव वाचत, रुग्णाचे नाव वाचत नसत. "तिकिटाची पंचिंग झाली पायजे," असे म्हणून हसत. ज्याने दहा रुपये टाकले त्याचेही नाव त्याच आवाजात येई. सुरुवातीला लोक कंटाळत. नंतर त्या वाचनाची वाट पाहू लागले. हिशोब ऐकता ऐकता त्यांना कळत गेले की हे काम कंडक्टर महाराजांचे नाही, गावाचे आहे.

तो मजूर काही वाचला नाही. शेक पूर्ण झाला, सहा-सात महिने बरे गेले, मग गाठ पुन्हा आली. तेराव्याला मी कंडक्टर महाराजांना म्हणालो, "एवढे केले, पण वाया गेले." यावेळी माझ्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, खरोखर वाईट वाटत होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाया कायचं? दीड महिना थो रस्त्यावर निजला नाई. त्याच्या बापानं त्याले रोज आपल्या हातानं पेज पाजली. मरन तं कोनाले चुकलं?"

आपण फळाचा हिशोब बरे झाले की नाही एवढ्यावरच करतो. त्यांच्या वहीत वेगळा रकाना होता. माणूस जितके दिवस जगला तितके दिवस त्याला एकटे सोडले नाही, हे त्यांच्या दृष्टीने पुरते फळ होते. जो वाचला त्याच्यासाठी मागितलेले आणि जो गेला त्याच्यासाठी मागितलेले, दोन्ही त्यांनी एकाच शाईने लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे, ती आपल्या सर्वांना थोडी झोंबेल. ज्याच्याकडे पैसे नसत त्याला ते म्हणत, पैसे राहू दे, तुझ्या खिशातली पुडी टाक. उपरण्यात नोटांबरोबर तंबाखूच्या पुड्या, खर्रा, चुन्याच्या डब्या जमत. आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मद्य-मांस आपण सोडले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण दिंडीत विसाव्याला बसल्यावर किती जणांच्या तळहातावर तंबाखू मळली जाते, ते आपण पाहतोच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा येतो, तिखट सोसत नाही, जखम दोन-तीन आठवड्यांतही भरत नाही, तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत, ही लक्षणे कंडक्टर महाराज हरिपाठाच्या अभंगांइतकी पाठ म्हणून दाखवत. लवकर दाखवले तर हा रोग पुष्कळदा आटोक्यात येतो. घरी अंगावर काढला तर मग गाडीचे तिकीट आणि उपरणे. माझी स्वतःची डबी एका आषाढीच्या वाटेवर त्या उपरण्यात गेली. पैसे देण्यापेक्षा ते मला जड गेले.

आपल्या या मुलुखाला या रोगाची ओळख नवी नाही. यावलीला जन्मलेले, मोझरीला गुरुकुंज उभारणारे, ग्रामगीता देणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, ज्यांच्या खंजिरीने गावे जागी केली, त्यांनाही शेवटी कर्करोगच झाला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. आज नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. संतांनाही देहाचा भोग सुटला नाही, म्हणून आपण हताश व्हायचे, की त्या नावाच्या दारातून एक तरी माणूस बरा होऊन बाहेर यावा म्हणून झटायचे? त्या रुग्णालयाला त्यांचे नाव देणाऱ्यांनी दुसरे उत्तर निवडले.

मागू नये, हे आपल्याला शिकवले ते स्वतःसाठी. माउलींनी ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि शेवटी देवापाशी काय केले? मागितले. पसायदान म्हणजे मागणेच आहे. एवढा वाग्यज्ञ करून त्या मागण्यात स्वतःसाठी एक अक्षर नाही. सगळे दुष्टांसाठी, दुःखितांसाठी, प्राणिमात्रांसाठी. आपण ते रोज म्हणतो. दुसऱ्यासाठी मागणे हे आपल्या संप्रदायाला परके कसे असेल? आपली रोजची प्रार्थनाच त्यावर संपते. कंडक्टर महाराज तेच पसायदान देवळाच्या दाराशी माणसांपुढे म्हणत होते, एवढेच.

ते गेले तेव्हा गावात बोलणे निघाले की त्यांच्या स्मरणार्थ काहीतरी करावे. कोणी म्हणाले बाक बसवू, कोणी म्हणाले देवळात नावाची फरशी लावू. त्यांच्या मुलाने वही आणून दिली. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात शिल्लक लिहिलेली होती, ८४० रुपये. त्याखाली एका बाईचे गाव आणि तिची पुढची तारीख. त्यांच्या जाण्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते. तारीख सहा दिवसांवर होती. बाक आणि फरशीचे बोलणे तिथेच थांबले.

त्या एकादशीला हरिपाठानंतर मी उठलो. उपरणे अंथरताना हात थरथरला. इतकी वर्षे व्यासपीठावरून बोललो, पण त्या दाराशी उभे राहिल्यावर तोंडातून शब्द निघेना. माझी वाकण्याची सवय फक्त देवापुढची होती. मागणाऱ्याला किती वाकावे लागते हे त्या दिवशी कळले, आणि बारा वर्षे ते कोणत्या साधनेत होते तेही. कोणीतरी पुढे येऊन पहिली नोट टाकली. तो त्या मजुराचा म्हातारा बाप होता. कार्तिकातले माझे बोलणे तो विसरला नसेल. पण त्याने माझ्या प्रारब्धाची चौकशी केली नाही.

बाई मुंबईला जाऊन आली. वही आता माझ्याकडे आहे. अक्षर बदलले आहे, रकाने तेच आहेत.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.